आईचं मौन आहे

साखरपुड्याच्या सकाळी ताडकळसहून परभणीला निघालेल्या जीपमध्ये एकटी छबूबाई बोलत होती. बाकीचे गप्प होते. नवरा वैजीनाथ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, तो तसाही बोलणारा माणूस नव्हता. पण मागे लेक राणी होती, जाऊ सुलाबाई होती, आणि या दोघी एरवी छबूबाईच्या बोलण्याला भर घालायच्या. आज त्या बाहेरची हरभऱ्याची रानं बघत बसल्या होत्या.

"काय गं, थंडीनं दातखिळी बसली का तुमची?" छबूबाई म्हणाली. "सोयरीक करायला चाललाव का दहाव्याला?"

सुलाबाई हसल्यासारखं करून पुन्हा बाहेर बघू लागली. राणी म्हणाली, "माय, जरा दम घे की. तिथं गेल्यावर..." आणि तिथंच थांबली.

"तिथं गेल्यावर काय?"

"काई न्हाई."

छबूबाईनं मनावर घेतलं नाही. एकुलत्या एका लेकाचा साखरपुडा होता. राम पुण्याला कंपनीत होता. मुलगी राजेश्री, त्याच्याच कंपनीतली, पण माहेर परभणीचं. वडील दिनकरराव कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. आई मुलांचे वक्तृत्वाचे वर्ग घ्यायची. दिवाळीत बैठक झाली तेव्हा रामनं आईला नेलं नव्हतं. "आत्ता बापे मानसंच जाऊत, तू कशाला तरास घेतीस," असं म्हणाला होता. सुनेला तिनं पाहिलं होतं ते मोबाइलवरच्या फोटोत. फोनवर एकदाही बोलणं झालं नव्हतं. "लाजाळू दिसती पोरगी," असं ती सुलाबाईला म्हणाली होती. "बरंच हाय. मपल्या घरात एक तरी लाजाळू पायजे."

छबूबाईच्या तोंडाची गावाला सवय होती. बारा हिवाळे ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली होती. टोळीतल्या बायांचं काही असलं, कुणाला दिवस गेलेले असले, कुणाला ताप असला, की मुकादमासमोर जाऊन बोलायची ती छबूबाईच. वैजीनाथ कोयता चांगला चालवायचा, पण मुकादम समोर आला की खाली बघायचा. मुकादम म्हणायचा, "वैज्या, तुझी बायको वकील व्हायची ती चुकून फडात आली."

राम आठवीत गेला तेव्हा परभणीच्या एका वसतिगृहात जागा नाही म्हणून सांगितलं गेलं. छबूबाई दोन दिवस तिथल्या पायरीवर बसून राहिली. येईल त्या साहेबाला, जाईल त्या कारकुनाला तिनं एकच सांगितलं, "साहेब, ह्ये लेकरू मला फडावर न्हाई न्यायचं. तुमी आज जागा न्हाई म्हनायलेत, उद्या मी हितंच हाय, परवा बी हितंच." तिसऱ्या दिवशी नाव लागलं. त्यानंतर राम कधी फडावर गेला नाही. तो शिकला, पुण्याला गेला, आणि तिथून येईल तेव्हा थोडा वेगळा बोलायला लागला. 'व्हतं'चं 'होतं' झालं, 'माय'ची 'आई' झाली. छबूबाईला त्याचं कौतुकच होतं. शिकलेलं लेकरू शिकल्यासारखं बोलणार, त्यात काय.

मंगल कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडलं, कुंकू लावलं. आत गेल्यावर एक गोरी, चष्मेवाली बाई लगबगीनं छबूबाईकडे आली आणि एकदम वाकून पायाच पडली. राजेश्रीची मावशी, पुण्याहून आलेली. छबूबाई दचकली. वरपक्षाची झाली तरी आपल्या वयाच्या बाईनं असं पाया पडायचं नसतं.

"तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय ना," मावशी म्हणाली. "सात वर्षं! आम्हाला सात मिनिटं गप्प बसवत नाही. मुलासाठी केवढा हा त्याग!"

छबूबाईला काहीच कळलं नाही. ती "अवो बाई, कसले सात वर्सं..." असं म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात राम कुठूनसा मध्ये आला. नवी शेरवानी, कपाळाला घाम.

"मावशी, आईचं मौन आहे ना," तो हसत म्हणाला. "ती खुणेनंच आशीर्वाद देते."

छबूबाईनं लेकाकडे पाहिलं. राम हसत होता, पण त्याचे डोळे हसत नव्हते. लहानपणी शेजाऱ्याच्या रानातली काकडी चोरताना सापडला होता, तेव्हा तो असाच बघत होता. नको सांगू माय, एवढ्या वेळेला नको सांगू.

तिनं तोंड मिटलं आणि मावशीच्या डोक्यावर हात ठेवला.

मग एकामागून एक बाया येत राहिल्या. कुणी पाया पडलं, कुणी हात हातात घेतला. एकीनं आपल्या सुनेला पुढे करून सांगितलं, "बघ, याला म्हणतात निष्ठा. मुलाला नोकरी लागावी, त्याचं लग्न व्हावं म्हणून बोलणं सोडलं त्यांनी." आजवर छबूबाईला इतका मान कुणी दिला नव्हता. बाजारात, फडात, तहसीलात ती बोलली म्हणून लोकांनी ऐकलं होतं, वैतागले होते, हसले होते. पाया कुणी पडलं नव्हतं.

ओटी भरायच्या वेळी ती पहिल्यांदा राजेश्रीसमोर बसली. मुलगी फोटोपेक्षा सावळी होती आणि पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. आठ दिवस छबूबाई मनात जुळवत होती, तिला काय म्हणायचं ते. भिऊ नको, आमच्या घरी कुनी कुनाला टाकून बोलत न्हाई, तुला सैपाक येत नसंल तर मला येतो, असं काहीबाही. आता ती नुसती बघत राहिली. राजेश्रीनं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं, "आई, तुम्हाला, साडी, आवडली का?" आणि हातानं साडीची खूण केली. छबूबाईनं मान हलवली.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या जागी रामनं तिला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही बघून तो हळूच म्हणाला, "माय, फक्त आजचा दिस. मी तुला आधीच सांगनार व्हतो." घाबरला की त्याला आपली भाषा आठवायची. "लग्न झालं की उद्यापन करू. मौन सुटलं म्हनून सांगू. मंग बोल की तू. तवर मी तुला चार वाक्यं शिकवतो, कशी बोलायची ती. अवघड न्हाई."

तेवढ्यात दिनकरराव हात धुवायला आले. राम लगेच सरळ झाला. "आईला पाणी हवं होतं," तो म्हणाला.

छबूबाईनं नळ बंद केला आणि आत गेली.

संध्याकाळच्या गाडीनं राम पुण्याला निघून गेला. परतीच्या जीपमध्ये छबूबाई बाहेर बघत बसली. सुलाबाईनं एकदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो छबूबाईनं बाजूला केला. घरी आल्यावर तिनं नवं लुगडं बदललं, चूल पेटवली, आणि चुलीसमोर बसूनच राणीला विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

राणी रडायला लागली. "दादानं फोन केला व्हता. म्हनला, माय कबूल करनार न्हाई, तिथंच सांगू. समदे असल्यावर ती काई बोलनार न्हाई."

"समद्यायला ठाव व्हतं?"

"जीपमधल्या समद्यायला."

छबूबाईनं मान वळवली. वैजीनाथ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"तुमाला बी?"

"व्हय," तो म्हणाला.

"कवापसून?"

"दिवाळीपसून." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पोरगं लय गयावया करू लागलं. म्हनलं, लग्न मोडंल. मला काय सुचलं न्हाई."

छबूबाई उठली. ती ओरडेल, भांडी आपटेल असं दोघांनाही वाटलं होतं, आणि ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली. "तीस वर्सं तुमच्या वाटचं मीच बोलले. मुकादमाला मी बोलले, तलाठ्याला मी बोलले, तुमच्या भावानं बांध कोरला तवा बी मीच बोलले. तुमी कवा बोलला न्हाईत, म्या म्हनलं, असू दे, सभाव हाय. आज मपल्या वाटचं एक बोलायचं व्हतं तुमाला. एक. 'छबे, पोरगं असं असं करायलंय.' येवढंच."

वैजीनाथ खाली बघत राहिला. फडात मुकादमासमोर बघायचा तसाच.

पुढचे पंधरा दिवस ती कामापुरती बोलली. रामचे फोन आले ते राणीनं घेतले. "माय वावरात हाय," ती सांगायची, आणि माय समोरच तूर पाखडत बसलेली असायची. बाजारात गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "छबूबाई, आज गळा बसला का?" तेव्हा मात्र ती चरकली. आपण खरंच मुक्या झालो की काय, असं तिला वाटलं. घरी येताना तिनं ठरवलं की हे असं चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "परभनीला जाऊन येते." वैजीनाथनं कुठं, कशाला, काही विचारलं नाही. तो स्टँडपर्यंत मागे मागे आला आणि एसटी येईपर्यंत तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला.

परभणीत उतरून तिनं रिक्षावाल्याला दिनकररावांचं नाव आणि कॉलनी सांगितली. दार राजेश्रीनंच उघडलं, चार दिवस सुट्टी घेऊन ती घरी आलेली होती. छबूबाईला बघून ती गोंधळली, मग हात जोडले, हातानंच 'या, बसा' केलं, आणि पाण्याचा पेला ओठाला लावल्यासारखं करून पाणी हवं का विचारलं.

"बाई," छबूबाई म्हणाली, "म्या मुकी न्हाई. मपलं काई मौन बी न्हाई."

राजेश्री उभी होती ती सोफ्याच्या कडेवर बसली.

छबूबाईनं सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. सांगताना ती अडखळली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. आतून राजेश्रीची आई आली, दाराशी उभी राहून ऐकू लागली, मग दिनकररावही आले. "म्या लग्न मोडायला न्हाई आले," छबूबाई शेवटी म्हणाली. "पर तुमच्या घरात मपल्या नावानं खोटं पायावर घेतलं म्या, त्ये मला झेपंना. पाया पडायला लागले लोकं. मी कोन साधू हाय का?"

राजेश्रीची आई पुढे आली आणि जवळ बसली. "अहो, असं का केलं रामनं? आमच्याकडे असलं काही नाही हो. आम्हाला बोलीभाषा फार आवडते. किती गोड वाटते ऐकायला! मी तर वर्गात मुलांना मुद्दाम ऐकवते. तुम्ही एकदा यायलाच हवं."

ती चांगल्या मनानं बोलत होती. तरीही छबूबाईला वाटलं, बाजारात रंगीत मण्यांची माळ बघून बाया 'छान आहे' म्हणतात आणि घेत नाहीत, तसं हे काहीतरी आहे. रामनं का केलं ते तिला तिथं बसल्या बसल्या थोडं कळलं. पण राग कमी झाला नाही.

राजेश्री सोफ्यावरून उठली. तिनं मोबाइल उचलला. "मी त्याला काही सांगत नाही," ती म्हणाली. "मला फक्त ऐकायचंय." तिनं स्पीकर लावला आणि फोन टीपॉयवर ठेवला.

"बोल," रामचा आवाज आला.

"काही नाही रे, सहज. तुझ्या आईंचा विचार करत होते. त्यांचा आवाज कसा होता? तुला आठवतो?"

मग राम बोलला. त्याचा आवाज मऊ होता, खरंच काही आठवत असल्यासारखा. "खूप हळू बोलायची ती. शांत. गावात राहून पण तिची भाषा एकदम स्वच्छ होती, म्हणजे आपल्यासारखीच. तिचे वडील शिक्षक होते ना. घरात वाचन वगैरे होतं. मला गोष्टी सांगायची ती झोपताना, अगदी पुस्तकातल्यासारख्या."

छबूबाईचे वडील वालूरच्या एका पाटलाकडे सालगडी होते. अंगठा उठवायचे. ते मेले तेव्हा राम सहा वर्षांचा होता, आणि तोवर त्यांच्या खांद्यावर बसून तो बैलाला पाणी पाजायला जायचा.

तिला मंगल कार्यालयात जे वाटलं नव्हतं ते आता वाटलं. तिथं त्यानं तिचं तोंड बंद केलं होतं. इथं तो दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलत होता, जिचा आवाज हळू होता, जिचा बाप शिकलेला होता, आणि तो तिच्यावर माया करत होता. अशी माया त्यानं छबूबाईबद्दल कधी कुणाजवळ बोलून दाखवली असेल का, हे तिला माहीत नव्हतं.

"राम," राजेश्री म्हणाली, "आई इथे बसल्यात. माझ्यासमोर."

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आई?" मग, अगदी बारीक आवाजात, "माय?"

छबूबाई फोनकडे वाकली. "कोन बोलायलंय?" तिनं विचारलं.

"माय, मी..."

"कोन मी? मला वळख लागंना."

मग ती उठली. राजेश्रीनं तिचा हात धरला. ती रडत होती आणि म्हणत होती, "आई, मी तुमच्या बाजूनं आहे, मला दोन वर्षं हा फसवत आलाय." छबूबाईनं तिच्या गालाला हात लावला आणि दाराबाहेर पडली.

दिनकररावांनी गाडी काढली, स्टँडवर सोडतो म्हणाले. उड्डाणपुलाजवळ गाडी अडकली तेव्हा म्हणाले, "मी पण वालूरचाच. तुमच्या माहेरचा, पण लहानपणीच शिकायला बाहेर पडलो."

"माहीत हाय. रामच्या बापानं सांगितलं."

"माझी आई तुमच्यासारखीच बोलायची. विद्यापीठात लागलो, क्वार्टर मिळालं. तिला मी कधी कॉलनीत आणलंच नाही. मीच गावी जायचो. म्हणायचो, तुला इकडची हवा मानवणार नाही." ते समोरच्या ट्रककडे बघत होते. "रामनं निदान आणलं तरी."

छबूबाईनं विचारलं, "तुमच्या मायला कळलं व्हतं का, कामून आनत न्हाई त्ये?"

पुढच्या गाड्या हलल्या. दिनकररावांनी गिअर टाकला. "कळलं आसंल," ते म्हणाले. "ती काई बोलली न्हाई कवा."

स्टँडवर उतरताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, लग्नाचं काय ते राजेश्री ठरवेल, मी तिच्यावर जोर करणार नाही. छबूबाई म्हणाली, "तुमी लेक द्या नाईतर नका देऊ, त्यो तुमचा इचार हाय. मपलं भांडन त्याच्या संगं हाय. त्याच्यात तुमी पडू नका."

शनिवारी राम आला. ती रानात तुरीच्या काड्या गोळा करत होती. बूट हातात घेऊन तो ढेकळांतून चालत आला आणि बांधावर उभा राहिला. तिनं काम थांबवलं नाही. तोही वाकून काड्या उचलायला लागला. दोन पेंढ्या झाल्या तेव्हा तो बोलला.

"पुण्याला पहिल्या वर्साला मला वर्गासमोर बोलायचं व्हतं. यंत्राचं काहीतरी. मी म्हनलं, हे चाक असं फिरायलंय, मग पट्टा वर जायलाय. समदा वर्ग हसला. सर बी हसले. त्या दिसापसून माझं नाव 'फिरायलंय' पडलं. चार वर्सं. कँटीनमध्ये, होस्टेलात, मुलींसमोर. 'ए फिरायलंय, इकडं ये.' मी रातभर आरशासमोर बोलायचो. होतं, नव्हतं, करतोय, जातोय. कुनी नवं भेटलं की शब्द मोजून बोलायचो, चुकून तोंडातून जाईल का म्हनून." त्यानं नाक पुसलं. "राजेश्री भेटली तवा मला वाटलं, तू तिच्याशी बोललीस की मी पुन्हा 'फिरायलंय' व्हईन."

छबूबाई पेंढी बांधत होती. तिनं गाठ मारली आणि बांधावर बसली.

"मला सांगितलं कामून न्हाईस तवा?"

"काय सांगनार व्हतो?"

"ह्येच. का तुझ्या बोलन्याला लोक हसायलेत म्हनून. म्या आले असते तिथं."

राम हसला, रडवेला हसला. "त्याचीच भीती वाटायची."

तीही हसली असती एरवी. हे असलं बोलणं त्यांच्यात आधी व्हायचं. पण तिचा चेहरा तसाच राहिला. "राम," ती म्हणाली, "तुला हसले त्ये परके व्हते. त्यायला तू कुनाचा कोन ठाव नव्हतं. तुला ठाव व्हतं. वसतिगृहाच्या पायरीवर दोन दिस मी बसले तवा तू मपल्या मांडीवर झोपला व्हतास. ह्याच तोंडानं बोलले मी. त्याच तोंडाची तुला लाज वाटली, त्ये बी मी गिळलं असतं. पर मपला बाप कामून बदललास?"

तो तिच्या पायाशी बसून राहिला. ती त्याला माफ केलं असं म्हणाली नाही आणि नाही केलं असंही म्हणाली नाही. उन्हं चढली तेव्हा ती म्हणाली, "ऊठ. भाकर खाऊन घे." दोघं घरी आले.

राजेश्रीनं दोन महिने त्याच्याशी बोलणं सोडलं. गावात बातमी पसरली ती उलटीच. छबीनं आपल्या तोंडानं लेकाचं लग्न मोडलं, असं लोक म्हणू लागले, आणि सुलाबाईनंही ते कुणाजवळ तरी म्हटलं, ते फिरून छबूबाईपर्यंत आलं. राणी एकदा म्हणाली, "माय, दोन महिने गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" छबूबाई म्हशीला वैरण टाकायला उठली. लेकरांना सगळं समजावून सांगायची तिची उमेद आता राहिली नव्हती.

उन्हाळ्यात राजेश्रीनं होकार दिला. फोन करून तिनं छबूबाईला स्वतः सांगितलं. "आई, तो फार रडला. मी त्याला एक संधी देतेय. तुम्ही रागावू नका." छबूबाई म्हणाली, "न्हाई बाई. सुखी राहा." त्या दिवशी तुमच्या बाजूनं आहे म्हणालेली मुलगी ती हीच, हे तिच्या मनात आलं. पण पोरगी लहान होती, त्याच्यावर जीव होता तिचा. तिचा तरी काय दोष.

लग्न परभणीतच झालं. छबूबाई गेली, बसली, मानपान घेतले, आणि सगळ्यांशी बोलली. पुण्याची मावशी आधी जरा लांब लांब होती. जेवणानंतर बायांनी छबूबाईभोवती कोंडाळं केलं. "बोला ना काकू, तुम्ही ते कसं म्हणता, जायलाव, यायलाव!" एका मुलीनं मोबाइल समोर धरला. छबूबाईनं तो मोबाइल हलकेच तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "पोरी, मी काय खेळनं न्हाई. तू जेवलीस का?"

आता दोघं पुण्याला असतात. रविवारी फोन येतो. राम आता ठरवून जुनं बोलतो. "माय, काय करायलीस? बाबा कुठं हायेत?" त्याच्या ऑफिसातही तो कुणी हसलं तर हसू देतो, असं राजेश्री सांगते. छबूबाईला ते खोटं वाटत नाही. पण प्रत्येक शब्दाआधी तो क्षणभर थांबतो, ते तिला ऐकू येतं. ती त्याला पाऊस सांगते, सोयाबीन सांगते, म्हशीचं सांगते. तो विचारेल त्याचं उत्तर देते.

श्रावणात तिच्या डाव्या डोळ्याला पडदा आला. परभणीला दवाखान्यात ऑपरेशन झालं, दोन दिवस राणीबरोबर तिथंच राहिली, घरी आली. रामला कुणी सांगितलं नव्हतं. छबूबाईनंच नको म्हणून सांगितलं होतं. आठ दिवसांनी राणीच्या तोंडून त्याला कळलं. त्यानं लगेच फोन लावला.

"माय, डोळ्याचं ऑपरेशन झालं आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू कामात आसशील म्हनून."

"मी आलो असतो की. मला कामून न्हाई सांगितलं?"

अंगणात वैजीनाथ दोरी वळत बसला होता. त्यानं हात थांबवले. छबूबाईनं डोळ्यावरची हिरवी पट्टी जरा सारखी केली. पूर्वी ठेच लागली तरी ती आधी याच लेकराला सांगायची, फोन नसला तर शेजारच्याच्या फोनवरून सांगायची.

"आता बरं दिसायलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनला, महिनाभर चुलीपुढं बसू नका. सुलाबाई भाकरी करून द्यायलीय."

मग त्यानं विचारलं, थेंब रोज टाकतेस का. ती म्हणाली, "टाकते." तो म्हणाला, दिवाळीला येतो, चार दिवस राहतो. ती म्हणाली, "ये की." मग तिनं फोन वैजीनाथच्या हातात दिला, आणि भिंतीला हात लावत लावत म्हशीकडे गेली.